फाशी रद्द, ‘पंचशील’ कायम

पुण्यात जून 1982मध्ये एका विवाहितेचा सायनाइडने मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने 1984मध्ये त्याला निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी कोणी नव्हते. शिवाय तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे पाहता आत्महत्येची शक्यता नाकारता येत नव्हती. न्या. फझल अली यांनी परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सांगून त्यांना ‘पंचशील’ म्हटले. त्यांतली खरी कठोर अशी, की आरोपीच्या अपराधाखेरीज दुसरा कोणताही तर्क पुराव्यात बसता कामा नये. आरोपीचा बचाव खोटा ठरला, तरी त्याने सरकार पक्षाच्या पुराव्याची तुटलेली साखळी जोडता येत नाही. ‘पुराव्याअभावी सुटला’ म्हणताना लोक नाक मुरडतात ते मुरडोत; कायद्याच्या लेखी शिक्षा पुसली जाते.