तेलगळतीचे संगणकीय प्रारूप

तेलगळतीचे संगणकीय प्रारूप किंवा मॉडेल म्हणजे समुद्रात, खाडीत अथवा नदीत सांडलेले तेल कोणत्या दिशेने व किती वेगाने वाहत जाईल, वाटेत त्यात कोणते बदल होतील आणि ते किनाऱ्याला कोठे व केव्हा लागेल, याचा गणिताच्या आधारे अंदाज बांधणारी संगणक प्रणाली होय. तिचा उपयोग दोन टप्प्यांवर होतो. अपघातापूर्वी ती संभाव्य धोक्याच्या नियोजनासाठी वापरली जाते. अपघातानंतर उपलब्ध नौका, तेल अडवणारे तरंगते अडसर आणि मनुष्यबळ प्रथम कोठे पाठवावे, हे ठरवण्यासाठी तिची मदत होते. अडसर व मनुष्यबळ नेहमीच मर्यादित असतात. संपूर्ण किनारा एकाच वेळी सुरक्षित करता येत नाही. म्हणून तेल पोहोचण्यापूर्वी मिळालेले काही तासही महत्त्वाचे ठरतात.

कार्यपद्धती

प्रारूपात सांडलेले तेल हजारो काल्पनिक कणांच्या रूपात मांडले जाते. प्रत्येक कणाचे स्थान ठरावीक वेळेच्या अंतराने नव्याने मोजले जाते. त्यासाठी वारा, सागरी प्रवाह, भरती-ओहोटी आणि पाण्यातील खळबळ यांची माहिती लागते. पाण्याच्या पृष्ठभागावरील तवंग प्रवाहाबरोबर वाहतो. शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३ टक्के वेगाने वाऱ्याच्या दिशेने ढकलला जातो. उदाहरणार्थ, वारा सेकंदाला १० मीटर वेगाने वाहत असेल, तर केवळ त्याच्या जोरावर तवंग तासाला सुमारे १ किलोमीटर, म्हणजे १२ तासांत साधारण १३ किलोमीटर सरकतो.

तेलाचे स्वरूपही सतत बदलत असते. त्यातील हलके घटक बाष्परूपाने उडून जातात, काही भाग थेंबांच्या रूपाने पाण्यात विखुरतो, तर काही तेलात पाणी मिसळून घट्ट, चिकट पायस तयार होते. डिझेल लवकर उडून जाते. जहाजांचे जड इंधन तेल मात्र दीर्घकाळ टिकते. त्यामुळे तेलाचा प्रकार आणि सांडलेले प्रमाण प्रारूपाला पुरवणे आवश्यक असते.

गोवा, २००५

२३ मार्च २००५ रोजी गोव्याच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर दोन जहाजांची टक्कर होऊन तेलगळती झाली. मार्च महिन्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सामान्यतः शांत हवामान आणि मंद वारे असतात. अशा स्थितीत तवंग हळूहळू सरकून किनाऱ्याला लागला असता. प्रत्यक्षात त्या वेळी तुलनेने जोरदार वारे वाहत होते व त्यांनी तवंग किनाऱ्यापासून दूर नेला. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ‘माइक २१’ या प्रारूपाच्या साहाय्याने या तवंगाचा मार्ग काढला. तो प्रत्यक्ष निरीक्षणांशी जुळला. तवंगाच्या हालचालीवर प्रवाहापेक्षा वाऱ्याचा प्रभाव अधिक होता, असे त्यातून स्पष्ट झाले. केवळ ऋतूच्या सरासरीवर आधारलेला अंदाज फसू शकतो. त्या दिवसाचा वारा विचारात घ्यावाच लागतो, हा या घटनेचा मुख्य धडा होय.

मुंबई, २०१०

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. चित्रा हे मालवाहू जहाज कलंडले, त्यातून सुमारे ८०० टन तेल सांडले आणि अनेक कंटेनर समुद्रात पडले. तरंगत्या कंटेनरांमुळे मुंबई बंदर व जवाहरलाल नेहरू बंदर येथील वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. तेल मुंबई व रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आणि खारफुटीत शिरले. पावसाळ्यात या भागात नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येणारे वारे तवंग किनाऱ्याकडे ढकलतात. बंदर आणि किनारा यांतील अंतरही कमी असल्याने तयारीसाठी फारच थोडा वेळ मिळतो. अशा ठिकाणी निरनिराळ्या ऋतूंतील संभाव्य मार्ग आधीच काढून ठेवण्याचे महत्त्व वाढते.

भारतातील व्यवस्था

भारतात सागरी तेलगळतीच्या प्रतिसादाचे समन्वयन भारतीय तटरक्षक दल करते. त्यासाठी राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आकस्मिक योजना अस्तित्वात आहे. तिच्यात ७०० टनांपर्यंतची गळती पहिल्या स्तरात, ७०० ते १०,००० टनांपर्यंतची दुसऱ्या स्तरात आणि त्याहून मोठी तिसऱ्या स्तरात मोडते. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र अर्थात ‘इन्कॉइस’ तेलाच्या संभाव्य मार्गाविषयी सल्ला पुरवते. यासाठी अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने विकसित केलेले ‘नोम’ हे प्रारूप वापरले जाते.

प्रारूपाने काढलेला मार्ग किनाऱ्याच्या संवेदनशीलता नकाशावर ठेवून पाहिला जातो. उघड्या खडकाळ किनाऱ्यावरील तेल लाटांनी लवकर धुतले जाते, म्हणून त्याची संवेदनशीलता कमी मानतात. खारफुटीच्या चिखलात मुरलेले तेल काढणे अतिशय कठीण असल्याने ती सर्वाधिक संवेदनशील गटात येते.

अनिश्चितता व मर्यादा

अंदाजाची अचूकता पुरवलेल्या माहितीवर अवलंबून असते. वाऱ्याच्या अंदाजातील चूक, सांडलेल्या तेलाच्या प्रमाणाविषयीची अपुरी माहिती आणि अरुंद खाड्यांतील गुंतागुंतीचे प्रवाह यांमुळे निष्कर्ष बदलतात. म्हणून ‘नोम’ दोन प्रकारची उत्तरे देते: एक सर्वाधिक संभाव्य मार्ग आणि दुसरे, वारा व प्रवाह यांच्या अंदाजात चूक झाल्यास तेल जाऊ शकेल असा विस्तृत प्रदेश. तेल तेथे जाण्याची शक्यता कमी असली, तरी मत्स्यबीजाची खाडी किंवा खारफुटी त्या प्रदेशात येत असल्यास तिचे रक्षण करणे हिताचे ठरते. विमाने, उपग्रह व नौकांवरून मिळालेल्या निरीक्षणांच्या आधारे अंदाज वारंवार सुधारला जातो.

नद्यांमधील उपयोग

ही पद्धत समुद्रापुरती मर्यादित नाही. नदीत तेलाची दिशा बहुतांशी ठरलेली असते. त्यामुळे ते पुढील पाणीपुरवठा केंद्रापर्यंत किती वेळात पोहोचेल, हा मुख्य प्रश्न असतो. बुलढाणा जिल्ह्यातील पैनगंगा व पूर्णा यांसारख्या नद्यांचा प्रवाह पावसाळ्यात वेगवान, तर उन्हाळ्यात क्षीण असतो. अशा नद्यांवर, पुलावरून टँकर कोसळण्यासारख्या अपघातात, पाण्याचा उपसा केव्हा थांबवावा याचे उत्तर ऋतूनुसार बदलते.