पेढी शेअर बाजारात उतरताना

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत पवनचक्क्यांसाठी कित्येक टन वजनाचे ओतीव भाग तयार करणारी कोल्हापूरची सिनर्जी ग्रीन इंडस्ट्रीज ही कंपनी जून २०१८ मध्ये भागभांडवलासाठी लोकांपुढे आली. एका समभागाची किंमत ८० रुपये होती आणि एकंदर विक्री सुमारे साडेसव्वीस कोटींची. नामनोंदणीसाठी कंपनीने मुंबई शेअर बाजाराचा लघु व मध्यम उद्योगांसाठीचा स्वतंत्र मंच, म्हणजे बीएसई एसएमई, निवडला. अर्ज किमान १,६०० समभागांचा, म्हणजे १ लाख २८ हजार रुपयांचा करावा लागे. पुढे ही कंपनी या मंचावरून मुख्य बाजारात गेली.

या उदाहरणाची चर्चा आता उद्यमनगरच्या फौंड्रीवाल्यांपुरती राहिलेली नाही. शाहूपुरीतील गुळाच्या पेढ्या, गुजरीतील सराफ, इचलकरंजीचे कापडवाले अशा घरांतही तिसऱ्या पिढीतला कोणी चार्टर्ड अकाउंटंट होऊन परततो आणि जेवताना ‘आयपीओ’ हा शब्द काढतो. मग थोरले काका विचारतात, भाव किती मिळेल? धाकटे विचारतात, आपला हिस्सा किती उरेल? कोणत्या बाजारात नोंदणी करायची हा प्रश्न मात्र बहुधा मर्चंट बँकरवर सोपवला जातो. वास्तविक कंपनीचा समभाग उद्या कोण विकत घेणार, आणि घरातल्या एखाद्याला गरज पडली तर तो कोणाला विकता येणार, हे बऱ्याच अंशी याच निवडीवर ठरते.

एके काळी ही निवड उद्योजकाच्या हाती नव्हतीच. नोंदणीकृत कार्यालय ज्या भागात असेल, तेथील प्रादेशिक बाजारात नाव नोंदवणे कंपनीला बंधनकारक असे. १९८२ मध्ये पुणे शेअर बाजार सुरू झाला, तो अशा नोंदणीवर वाढला. पुढे १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने पडद्यावरचे व्यवहार सुरू केले, पाठोपाठ १९९५ मध्ये मुंबई बाजारही पडद्यावर आला, आणि प्रादेशिक बाजारांतली उलाढाल पाहता पाहता आटली. २०१२ मध्ये सेबीने या बाजारांसाठी बाहेर पडण्याचे धोरण आखले. त्यानुसार पुणे बाजाराने २०१५ मध्ये निरोप घेतला. ज्या कंपन्यांची नोंदणी केवळ अशा बाजारांत होती, त्यांच्या भागधारकांची अवस्था बिकट झाली. त्यांच्यासाठी प्रसारण फलकाची सोय केली गेली खरी, पण फलकावर नाव लागले म्हणून गिऱ्हाईक येतेच असे नाही. हातात समभाग आहे, कंपनीही आहे, मात्र घेणारा नाही, अशी ती स्थिती.

नियम नसलेल्या बाजाराची किंमत आपल्या समाजाने फार पूर्वीच मोजली आहे. सुरतेच्या जैन कुटुंबात जन्मलेले प्रेमचंद रायचंद हे मुंबईच्या समभाग व्यवहारातले एके काळचे सर्वांत मोठे नाव. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत कंपन्यांचे पेव फुटले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. त्यात प्रेमचंदही बुडाले. दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, ३१८ दलालांनी एक रुपया प्रवेश फी भरून जी संघटना उभारली, तीच आजचा मुंबई शेअर बाजार. तिच्या संस्थापकांत प्रेमचंदांचे नाव अग्रभागी घेतले जाते. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव आहे. मातोश्रींची दृष्टी गेली होती. घड्याळाच्या ठोक्यांवरून त्यांना सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ कळे, असे सांगतात.

आज देशपातळीवरील व्यवहार प्रामुख्याने मुंबई आणि राष्ट्रीय या दोनच बाजारांत होतात. कंपनी मोठी असेल तर निवडीचा पेच फारसा उरत नाही. मुख्य बाजाराच्या नेहमीच्या वाटेने जाण्यासाठी मागील तीन वर्षांत सरासरी १५ कोटींचा कामकाजी नफा दाखवावा लागतो. एवढी ताकद असलेली कंपनी सहसा दोन्हीकडे अर्ज करते आणि त्यांतील एकाला ‘नियुक्त बाजार’ ठरवते. कोल्हापूरच्याच मेनन बेअरिंग्जचे समभाग दोन्ही बाजारांत आहेत. दुसऱ्या नोंदणीचे वार्षिक शुल्क त्या आकाराच्या कंपनीला जड नसते.

खरी निवड करावी लागते ती छोट्या कंपनीला. विक्रीनंतरचे भरणा भांडवल २५ कोटींपर्यंत असणाऱ्या कंपन्यांसाठी २०१२ मध्ये दोन्ही बाजारांनी वेगळे मंच काढले. मार्चमध्ये बीएसई एसएमई आणि सप्टेंबरमध्ये एनएसई इमर्ज. येथे माहितीपत्रक सेबी नव्हे, तर ज्या बाजाराकडे अर्ज केला तो बाजार तपासतो. म्हणजे बाजार निवडताना आपण परीक्षकही निवडत असतो, आणि दोन्ही परीक्षकांचे प्रश्न तंतोतंत सारखे नाहीत. तीनपैकी दोन वर्षे किमान १ कोटी कामकाजी नफा ही अट २०२५ पासून सर्वांनाच लागू आहे. त्याखेरीज राष्ट्रीय बाजाराने सप्टेंबर २०२४ पासून भागधारकांसाठी उरणारी मोकळी रोकड तीनपैकी दोन वर्षे तरी अधिक असावी, असा आग्रह धरला. मुंबई बाजार निव्वळ मूर्त मालमत्ता आणि कर्जाचे स्वनिधीशी प्रमाण पाहतो. कारखानदाराला हा फरक किरकोळ वाटेल, व्यापाऱ्याला वाटणार नाही. गुळाच्या किंवा कापडाच्या पेढीत नफा वहीत असतो आणि पैसा उधारीत. मोसमात माल भरला की रोकड आटते, हे कोणत्याही मुनीमजींना ठाऊक आहे. अशा पेढीने अर्जाआधी किमान दोन वर्षे वसुलीची घडी बसवली नाही, तर एक दार आपोआप बंद होते.

नोंदणीनंतरच्या खरेदी-विक्रीकडे त्याहून कमी लक्ष दिले जाते. लघु मंचावर पहिली तीन वर्षे ‘मार्केट मेकर’ नेमणे सक्तीचे आहे. विक्रीतील किमान ५ टक्के समभाग त्याच्यासाठी राखून ठेवावे लागतात, आणि व्यवहाराच्या दिवसातील ७५ टक्के वेळ त्याने खरेदीचा व विक्रीचा असे दोन्ही भाव लावायचे असतात. काही कंपन्यांत दिवसच्या दिवस त्याच्याखेरीज दुसरा घेणारा नसतो. त्यामुळे ‘कोणता बाजार मोठा’ या प्रश्नापेक्षा आपल्या आकाराच्या, आपल्या धंद्यातल्या पाच-दहा कंपन्या दोन्ही मंचांवर पाहाव्यात, त्यांचे रोजचे व्यवहार सहा महिने टिपून ठेवावेत, आणि त्यांचे मार्केट मेकर कोण हे विचारावे. गूळ सौद्यात पाठवण्यापूर्वी व्यापारी जेवढी चौकशी करतो, तेवढी तरी येथे व्हायला हवी. किमान अर्जही आता दोन लाखांच्या वर गेला आहे. गल्लीतला हौशी गुंतवणूकदार यात येणार नाही, हे धरूनच चालावे.

घरोघरी वाद होतो तो दुसऱ्याच नियमावरून. आपल्याकडे पेढीचे भांडवल म्हणजे पुष्कळदा काकूंच्या नावची ठेव, आत्याचे स्त्रीधन, धाकट्या भावाच्या दुसऱ्या फर्मकडून आलेली उचल. विक्रीतून पैसा आला की ही देणी फेडू, असा हिशेब सहज केला जातो. तो आता चालत नाही. २०२५ च्या सुधारणांनुसार प्रवर्तक किंवा संबंधित व्यक्तींचे कर्ज फेडण्यासाठी लघु मंचावर पैसा उभारता येत नाही. जुन्या भागधारकांनी स्वतःचे समभाग विकायचे तर तेही एकूण विक्रीच्या २० टक्क्यांपर्यंतच. वाटणीसाठी रोकड हवी म्हणून बाजारात जाणाऱ्या कुटुंबाची वाट येथे अडते. गोदाम आईच्या नावावर आणि भाडे कंपनीकडून, ही रीतही जाहीर करावी लागते, आणि ठरावीक आकाराच्या वर अशा व्यवहारांना लेखापरीक्षण समितीची व प्रसंगी भागधारकांची संमती लागते. ज्या घरात वाटणीपत्र झालेले नाही, त्याने आधी ते करावे आणि मग मर्चंट बँकरला बोलवावे. उलट क्रमाने गेलेल्या घरांत माहितीपत्रकाच्या मसुद्यावर भावाभावांच्या सह्या अडतात, आणि तोवर झालेला खर्च परत येत नाही.

लघु मंच हा कायमचा मुक्काम नव्हे. काही वर्षे गेल्यावर, भांडवल आणि नफा अटींत बसल्यास, मुख्य बाजारात जाता येते, आणि तेव्हा दुसऱ्या बाजाराचे दारही उघडते. मात्र त्यासाठी भागधारकांचा विशेष ठराव लागतो, आणि तो ठरवताना घरच्यांची मते मोजली जात नाहीत. प्रवर्तकांखेरीज इतर भागधारकांनी विरोधी मतांच्या किमान दुप्पट मते बाजूने दिली, तरच तो मंजूर होतो.