परतीच्या वाटेवरचं खडीन

सुट्टीचा शेवटचा दिवस खरं तर सुट्टीचा नसतोच. तो बिलांचा, बॅगांच्या अडकलेल्या चेनचा आणि 'किल्ल्या घेतल्या का?' या प्रश्नाचा असतो. जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर, समच्या वाळूत, तंबूत दोन रात्री काढल्यावर त्या पहाटेही मी बॅटरीच्या उजेडात हिशेब जुळवत बसलो होतो. तेहेतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाची खोड, दुसरं काय! सौ. मात्र शाल गुंडाळून एकटीच धोऱ्यावर जाऊन बसली होती. वाळूच्या टेकडीला तिकडे धोरा म्हणतात. सूर्य वर आल्यावर ती खाली आली, बुटांतली वाळू झटकली आणि म्हणाली, "अहो, जोधपूरची गाडी संध्याकाळची आहे. आत्तापासून पळायला नको. वाटेत काहीतरी बघू."

नोकरीत असताना प्रवास सवलतीची रजा मी तीनदा मंजूर करून घेतली आणि तीनदा रद्द केली. त्यामुळे या सहलीत तिचं ऐकायचं, असं ठरलेलं होतं.

ड्रायव्हरनं गाडी कुलधऱ्याला घेतली. पालीवाल ब्राह्मणांनी 19व्या शतकात सोडून दिलेलं हे गाव. एका रात्रीत चौऱ्याऐंशी गावं उठून गेली, अशी दंतकथा आहे. दिवाणाचा जुलूम म्हणा, आटलेलं पाणी म्हणा, कारणं अनेक सांगतात. हल्ली भुतांच्या गोष्टींवर तिथलं पर्यटन चालतं. छप्पर नसलेल्या घरांच्या रांगांतून आम्ही अर्धा तास हिंडलो. परत गाडीत बसताना ड्रायव्हर म्हणाला, "बाऊजी, भुतं सगळेच बघतात. पालीवालांचं खडीन बघा."

थोडं पुढे गेल्यावर, त्या पिवळ्याकरड्या माळात अचानक हिरवं शेत. जानेवारी महिना. गहू गुडघ्याएवढा, कडेला हरभरा. ना पाट, ना मोटार, ना विजेचा खांब.

रचना अगदी साधी आहे. भोवतालच्या खडकाळ उतारावर पडलेला पाऊस वाहत सखल भागात येतो. तिथे मातीचा लांब बांध घालून तो अडवायचा. जादा पाण्याला सांडवा ठेवायचा. पाणी जमिनीत मुरतं, बांधाच्या खालच्या अंगाला विहिरींनाही झिरपून मिळतं. उरलेलं पाणी ओसरलं की त्याच ओलीवर रब्बीची पेरणी. पालीवालांनी शतकांपूर्वी हे तंत्र या भागात रुजवलं. ते निघून गेले, खडिनं राहिली.

बांधावर एक म्हातारा शेतकरी बसला होता. माझ्यातल्या शेतकी अधिकाऱ्यानं लगेच चौकशी केली, "बोअर नाही घेतली?"

"खाली खारं पाणी आहे," तो म्हणाला. "वरचं गोड आहे, तेवढ्यावर भागवतो. पाऊस झाला तर पेरतो. नाही झाला तर नाही पेरत."

नाही झाला तर नाही पेरत! जैसलमेरला वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आसपास. लातूरला सातशेच्या वर. आणि 2016च्या एप्रिलमध्ये मी लातूरच्या शाखेत असताना त्या शहराला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा टँकर, पाच लाख लिटर. ते टँकर आधी धुऊन आले होते ते कोट्याहून, म्हणजे याच राजस्थानातून. गाडी बघायला स्टेशनवर मीही गेलो होतो. सौ. तेव्हा गल्लीत टँकरसमोर घागरी घेऊन उभी असायची. भांडी धुतलेलं पाणी संडासात, ही तिची शिस्त अजून सुटलेली नाही.

गाडीत बसल्यावर बराच वेळ ती काही बोलली नाही. पोखरणच्या अलीकडे तिनं विचारलं, "तुम्ही किती बोअरना कर्ज दिलं असेल हो?"

मी खिडकीबाहेर खेजडीची झाडं बघत राहिलो. आकडा मला ठाऊक होता. दर मार्चला शाखेचं लक्ष्य पुरं करताना तोच आकडा वरच्या कार्यालयाला कळवून मी शाबासकी मिळवली होती. एका शेतकऱ्याला तर मी तीनदा कर्ज दिलं, उसासाठी. पहिली बोअर तीनशे फूट, दुसरी सहाशे. तिसरी आठशेवर गेली आणि नुसता फुफाटा वर आला. जुनं खातं फेडून नवं काढायचं, याला आमच्याकडे 'नवं-जुनं' म्हणत. कागदावर सगळं नियमात होतं. जागा बघायला मी स्वतः गेलो होतो, त्याच्या घरी चहाही घेतला होता. खाली पाणी किती उरलंय, हे मी विचारलं नाही. अर्जात तो रकानाच नव्हता, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पोखरणच्या रस्त्यावर तेच सौ.ला सांगितलं, तर ती नुसती "हं" म्हणाली.

जोधपूरला बाजारात तिनं केर-सांगरी घेतली, सूर्यनगरी एक्स्प्रेस वेळेवर सुटली, रात्री आबू रोडला कुल्हडातली रबडी खाल्ली. पुढचा प्रवास झोपेत गेला. सकाळी गुजरात संपता संपता जाग आली, तेव्हा वरच्या बर्थवरून वाळूचे चार कण चहात पडले.

बोरिवलीला उतरून घरी आलो. नळाला पाणी होतं. सौ.नं बॅगाही न उघडता केर आधी ताकात भिजत घातले. रात्रभर भिजल्याशिवाय त्यांचा कडूपणा जात नाही म्हणे. मी जुनी डायरी काढली. आठशे फुटांवाल्याचा नंबर अजून लागतो का, ते बघायचं होतं. लागला.

"साहेब, तुम्ही?" तो म्हणाला. "आता काय विकायला काढलंय बँकेनं?"

"काही नाही," मी म्हटलं. "निवृत्त झालो. तुझ्या शेताचा उतार कुठल्या बाजूला आहे, एवढंच विचारायचं होतं."