बंदूक दिसली की धडधड

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनला २६ जणांची हत्या झाली. त्यानंतर काश्मीर पाहून आलेले एक निवृत्त गुरुजी सपत्नीक माझ्या दवाखान्यात आले. रस्त्यात जागोजागी बंदूकधारी जवान पाहून बाईंना धीर आला, गुरुजींच्या छातीत मात्र धडधड सुरू झाली. दोन्ही स्वाभाविकच. पण गुलमर्गला धडधड वाढली, तीही गुरुजींनी भीतीवरच ढकलली. गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत नाडी जलद चालते. त्यातून रक्तदाबाच्या गोळ्या घरीच राहिलेल्या!

भीतीची धडधड शांत बसून दीर्घ श्वास घेतल्यावर बहुधा ओसरते. छातीत दुखले, बसल्या जागी धाप लागली, तर अंगावर काढू नका. ताबडतोब डॉक्टर गाठा. जवळ उभ्या जवानाची मदत मागायला संकोच कसला?