पक्षाघाताच्या रुग्णांचे रुग्णालयातील पुनर्वसन : मात्रेचा प्रश्न

प्रास्ताविक

इंदूरच्या बडा गणपती परिसरात एकाच आजाराला तीन नावे ऐकू येतात. मराठी घरात तो अर्धांगवायू, हिंदी भाषकांत लकवा आणि उर्दू भाषकांत फालिज. 'फालिज' हा शब्द 'दुभंगणे' या अर्थाच्या अरबी धातूपासून आला आहे, तर 'लकवा' या शब्दाचा मूळ अरबी अर्थ चेहरा वाकडा होणे असा आहे. तिन्ही शब्द शरीराकडे बोट दाखवितात. आजार मात्र मेंदूत असतो. त्यामुळे लुळ्या हातापायाला तेल चोळले म्हणजे उपचार झाला, असा समज आजही आढळतो. रुग्णालयात असताना पुरेसे पुनर्वसन मिळावे ही मागणी म्हणूनच क्वचित होते. प्रस्तुत लेखात या 'पुरेसे' शब्दाचा विचार करावयाचा आहे.

पुनर्वसनाचे स्वरूप

मेंदूतील रक्तवाहिनी बंद पडली किंवा फुटली की त्या भागातील पेशी मरतात. त्या परत येत नाहीत. परंतु वाचलेले भाग सरावाने काही कामे नव्याने शिकू शकतात. चालण्यासाठी भौतिकोपचार, जेवणे-कपडे घालणे यांसाठी व्यवसायोपचार आणि बोलणे-गिळणे यांसाठी वाचोपचार दिले जातात. हे सर्व एका अर्थाने अध्यापनच होय. आठवड्यातून एक तासिका घेऊन भाषा शिकविता येत नाही, हे अध्यापकांना वेगळे सांगावयास नको.

मात्रा किती?

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पक्षाघात कक्षातील रुग्ण दिवसाचा केवळ १३ टक्के वेळ उपचारात्मक हालचालीत घालवीत असल्याचे दिसले. ६० टक्क्यांहून अधिक वेळ ते एकटेच होते. अमेरिका व कॅनडातील ३१२ उपचारसत्रांच्या २००९ च्या पाहणीत हाताच्या कामाचा सराव जेथे झाला, तेथेही तो सरासरी ३२ वेळाच झाला. प्राण्यांवरील प्रयोगांत मेंदूत बदल घडविणारी आवर्तने मात्र शेकड्यांत मोजली गेली आहेत. ब्रिटनमध्ये पूर्वी प्रत्येक उपचारासाठी आठवड्यातून ५ दिवस ४५ मिनिटे हे प्रमाण होते. २०२३ मध्ये ते सर्व उपचार मिळून दिवसाला किमान ३ तास, आठवड्यातून किमान ५ दिवस असे वाढविण्यात आले. रुग्णाची गरज व सहनशक्ती पाहूनच ते द्यावयाचे असते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'भरपूर' म्हणजे 'तत्काळ' नव्हे. ५ देशांतील २,१०४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आघातानंतर २४ तासांच्या आत उठवून अधिक चालविलेल्या गटात ४६ टक्के रुग्णांची स्थिती चांगली राहिली. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या गटात हे प्रमाण ५० टक्के होते. त्याच माहितीच्या पुढील विश्लेषणातून थोडा थोडा, पण वारंवार सराव हितकर असल्याचे सूचित झाले.

कुटुंबावर सोपवावे काय?

आपल्याकडे प्रशिक्षित उपचारकांची संख्या कमी आहे. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयात माळवा-निमाड भागातून गरीब रुग्ण येतात. अशा मोठ्या रुग्णालयांत खाटांवर ताण असतो व रुग्णाला लवकर घरी पाठवावे लागते. मग नातेवाइकांनाच व्यायाम शिकवावेत, हा उपाय सहज सुचतो. भारतात १४ केंद्रांतील १,२५० रुग्णांवर तो पद्धतशीरपणे तपासला गेला. २०१७ साली निष्कर्ष जाहीर झाला : सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच होते.

याचा अर्थ कुटुंब निरुपयोगी आहे असा नव्हे. रुग्णाला भरविणारी, कूस बदलणारी, धीर देणारी माणसे घरचीच असतात. परंतु सून किंवा मुलगी प्रशिक्षित उपचारकाची जागा भरून काढील, असे गृहीत धरून रुग्णालयाने आपली जबाबदारी हलकी करणे या निष्कर्षास धरून नाही. त्या स्त्रीची रोजंदारी बुडते, हा खर्चही कोणत्या नोंदवहीत येत नाही.

भाषेची बाजू

वाचा गेलेल्या बहुभाषिक रुग्णाच्या सर्व भाषा सारख्याच गतीने परत येतात असे नाही. घरी उर्दू, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी वापरलेल्या रुग्णाची केवळ हिंदीत तपासणी केल्यास त्याची शिल्लक क्षमता लक्षात येणार नाही. मेंदूच्या उजव्या भागातील आघाताने काही रुग्णांचे डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होते. असा रुग्ण मराठी ओळीचा आरंभ गाळील, तर उर्दू ओळीचा शेवट.

काय करता येईल?

१) रुग्णाला रोज किती मिनिटे व किती आवर्तने मिळाली, याची नोंद औषधांच्या नोंदीप्रमाणेच ठेवली जावी. मोजले नाही तर उणीव दिसत नाही.

२) उपचारकाच्या देखरेखीखाली तीन-चार रुग्णांचा एकत्र सराव घेतल्यास तेवढ्याच वेळात अधिकांना लाभ होतो.

३) सामुदायिक महाविद्यालयांनी रुग्णालयांच्या सहकार्याने पुनर्वसन साहाय्यकांचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा विचार करावा. ते आखताना राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ मधील तरतुदी पाहाव्यात. साहाय्यक हा उपचारकाचा पर्याय नसून त्याचा हात होय. स्थानिक भाषा जाणणारे विद्यार्थी येथे विशेष उपयोगी पडतील.

समारोप

प्राण वाचविणे हे रुग्णालयाचे पहिले कर्तव्य आहे. वाचलेला माणूस स्वतःच्या हाताने घास घेऊ शकेल की नाही, हे पुढील सरावावर बरेच अवलंबून असते. तो सराव पुरविणारी पगारी व प्रशिक्षित माणसे घडविणे हे आरोग्य खात्याइतकेच शिक्षणसंस्थांचेही काम आहे.