तोंडाचा कर्करोग : कारणे, उपचार व उपचारकाळातील त्रास

पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवल्यावर तंबाखूची चंची पुढे करण्याचा रिवाज आपल्या खेड्यांतून जुना आहे. नांगरटीच्या किंवा मळणीच्या दिवसांत गडी चिमूटभर तंबाखू चुन्यात मळून गालात धरतो आणि तिच्या बळावर दुपारपर्यंत भूक मारतो. स्त्रिया तंबाखू भाजून केलेली मिश्री दातांस लावतात. प्रारंभी सकाळी दात घासण्यापुरती असलेली ही सवय दिवसातून चारपाच वेळांवर केव्हा गेली, हे त्यांच्याही ध्यानात येत नाही. २०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढ स्त्रीपुरुषांपैकी सुमारे चौथा हिस्सा कोणत्या ना कोणत्या प्रकारे तंबाखू खाणारा किंवा लावणारा आढळला. भारतीय पुरुषांस होणाऱ्या कर्करोगांत तोंडाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला लागतो, आणि २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे देशात एका वर्षात या रोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले.

पोटातील किंवा मेंदूतील रोगाप्रमाणे हा रोग दडून राहणारा नाही. आरसा आणि चांगला उजेड एवढ्या सामग्रीवर तो दिसू शकतो. असे असूनही बहुसंख्य रुग्ण रोग बळावल्यावरच रुग्णालयाची पायरी चढतात. दुसरी हानी त्याहून कमी बोलली जाते. उपचार सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलवटते, अन्न गिळवत नाही, आणि 'औषधानेच माणूस खचला' अशा समजुतीने घरची मंडळी रुग्णास माघारी आणतात. हे त्रास कोणते, ते का होतात व किती दिवस राहतात याची कल्पना अगोदर असेल तर उपचार अर्धवट सुटण्याचा प्रसंग पुष्कळदा टळतो.

रोग कशाने होतो

आपले शरीर सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी झडतात व त्यांच्या जागी नव्या येतात. किती वाढावे व कोठे थांबावे, याची आज्ञा प्रत्येक पेशीच्या गाभ्यात नोंदलेली असते. ही नोंद वारंवार बिघडत गेली म्हणजे एखादी पेशी आज्ञा न मानता वाढू लागते, आणि तिची प्रजा आजूबाजूच्या मांसात, पुढे हाडात व मानेतील गाठींत शिरते. तंबाखूतील नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये ही नोंद बिघडवतात. ती हिरव्या पानात फार थोडी असतात. पान वाळवताना, मुरवताना व साठवणुकीत त्यांचे प्रमाण वाढते. म्हणून 'आमच्या शेतातली शुद्ध तंबाखू आहे, बाजारातली भेसळीची नव्हे' हे समाधान फोल आहे. मिश्री भाजली म्हणून निर्दोष होते, हेही खरे नाही. भाजण्याने त्यात धुरातील काही विषारी द्रव्यांची भरच पडते.

चुन्याचे कार्य निराळे आहे. त्याच्या योगाने तंबाखूतील निकोटीन तोंडाच्या अस्तरातून त्वरित रक्तात उतरते व व्यसन घट्ट होते. शिवाय अस्तरास तो सतत भाजत राहतो. सुपारीला अनेक जण निरुपद्रवी मानतात. परंतु तंबाखूविरहित सुपारीदेखील कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. सुपारीने गालाचे आतील अस्तर कातड्यासारखे ताठर होते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तथापि सुपारी व तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून घेऊन एकत्र खाल्ल्यास शरीराला त्यात काही फरक कळत नाही. तंबाखूच्या जोडीस मद्य असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. तुटलेल्या दाताची धार एकाच जागी सतत लागत राहणे हेही एक दुय्यम कारण सांगितले जाते.

हा रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाही. रुग्णाचे ताट-पेला वेगळे ठेवण्याचे किंवा लहान मुलांस त्याच्यापासून दूर करण्याचे काहीही प्रयोजन नाही.

आधीची चिन्हे

ज्या जागी तंबाखूची गोळी धरली जाते, तेथेच बहुधा पहिली खूण उमटते. पुसून न निघणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, तिखट लागताच होणारी आग, ही प्रारंभीची चिन्हे होत. यांतील लाल चट्टा अधिक धोक्याचा असतो. तोंड उघडण्याची कसोटी सोपी आहे. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर अस्तर ताठरले आहे असे समजावे. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, कारणावाचून हललेला दात, मानेत न दुखणारी गाठ, यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टरांस दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये, कारण प्रारंभी हा रोग दुखतच नाही. केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांतील या रोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले. ही तपासणी केवळ डोळ्यांनी केलेली होती.

संशयित जागेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, म्हणजे बायॉप्सी, ही निदानाची खात्रीची रीत आहे. 'सुरी लागली की रोग पसरतो' हा समज सर्वत्र आहे आणि त्यापायी अनेकांचे मोलाचे महिने झाडपाल्यात जातात. बायॉप्सीने रोग पसरत नाही. तो त्या वाया गेलेल्या महिन्यांत पसरतो.

उपचार आणि त्यांचे त्रास

तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार आहे. रोगाच्या भोवतालचा निरोगी भासणारा काठही सर्जन काढतात, आणि बहुधा मानेतील गाठीही काढतात. मानेत काही लागत नसता तेथे सुरी का चालवावी, असे रुग्ण विचारतो. शेतातील हराळी वरून खुरपली तरी जमिनीखालची काशी पुढे गेलेली असते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. येथेही तसेच घडते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात प्रारंभीच्या अवस्थेतील रुग्णांवर दीर्घकाळ तुलना करण्यात आली व तिचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. गाठी शस्त्रक्रियेच्या वेळीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठी दिसू लागल्यावर काढू, असे म्हणून थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते.

गालाची किंवा जबड्याची उणीव छातीचे, हाताचे अथवा पायाचे मांस व हाड बसवून भरून काढतात. प्रारंभी काही दिवस नाकातील नळीवाटे अन्न द्यावे लागते. बोलणे काहीसे अस्पष्ट होते. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूचा खांदा उतरतो व हात डोक्यावर नेणे जड जाते. खांद्यावर पोते घेणाऱ्या माणसाला ही उणीव फार जाचते. शिकवलेले व्यायाम सर्जनच्या आज्ञेने लवकर सुरू केल्यास पुष्कळ बळ परत येते. व्यायाम न केल्यास सांधा आखडतो.

रोग पुढे गेलेला असल्यास शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार देतात. खेड्यांतून यासच 'लाईट देणे' किंवा 'शेक देणे' म्हणतात. हा उपचार आठवड्यातून पाच दिवस, याप्रमाणे सहा ते सात आठवडे चालतो. एका वेळेस काही मिनिटेच लागतात व त्या वेळी काही दुखत नाही. त्रास पुढे सुरू होतो. किरणांनी कर्करोगाच्या पेशी मरतात, त्याबरोबर तोंडाच्या अस्तरातील झपाट्याने वाढणाऱ्या निरोगी पेशीही मरतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडात फोड येतात, लाळ चिकट होते, चव जाते व मानेची कातडी काळवंडते. उपचार संपल्यावरही एकदोन आठवडे हे वाढते, मग बहुधा दीडदोन महिन्यांत ओसरते. उपचार लागू पडत नसल्याचे हे लक्षण नव्हे. याच काळात खंड पडला तर मात्र उरलेल्या पेशी पुन्हा वाढीस लागतात व रोग उलटण्याचा धोका वाढतो. पेरणी आली, काढणी आली, घरी लग्न निघाले, ही कारणे त्या सात आठवड्यांपुरती बाजूला ठेवावी लागतात. शेतीच्या कामाची व्यवस्था भावकीत किंवा शेजाऱ्यांत आधीच लावून निघावे हे उत्तम.

या दिवसांत अन्न हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. तिखट, आंबट व कढत पदार्थ वर्ज्य करावेत. नाचणीची खीर, दूध, तूप घातलेली पातळ खिचडी, घट्ट वरण, मऊ उकडलेले अंडे, केळे कुस्करून दूध, असे मऊ व कसदार अन्न थोडे थोडे पण पुष्कळ वेळा द्यावे. केवळ भाताच्या पाण्यावर माणूस ठेवू नये. मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून अनेकदा गुळण्या कराव्यात. वजन झपाट्याने घटू लागल्यास डॉक्टर नळी घालण्यास सांगतात. नळी म्हणजे शेवट, असा अर्थ कोणी घेऊ नये. ती थोड्या दिवसांची असते.

काही त्रास मात्र कायमचे राहतात व ते स्पष्ट सांगितले पाहिजेत. लाळ कमी झाल्याने तोंड कोरडे राहते आणि दात लवकर किडतात. किरण लागलेल्या जबड्याचे हाड सहजी भरून येत नाही. म्हणून खराब दात किरणोपचारापूर्वीच काढून घ्यावेत, आणि पुढे आयुष्यात केव्हाही दात काढण्याची वेळ आल्यास दंतवैद्यास हा उपचार झाल्याचे प्रथम सांगावे. हे न सांगितल्यामुळे जबड्याचे हाड कुजण्यापर्यंत पाळी येऊ शकते.

किरणांच्या जोडीने पुष्कळदा सिस्प्लाटिन हे औषध शिरेतून देतात. याने मळमळ व उलट्या होतात, परंतु त्यांवर आता चांगली औषधे आहेत. ती उलटी होण्याची वाट न पाहता आधीच घ्यावयाची असतात. हे औषध मूत्रपिंडावर ताण आणते, म्हणून डॉक्टर सांगतील तेवढे पाणी प्यालेच पाहिजे. कानात आवाज येणे, बोटे बधिर होणे किंवा लघवी कमी होणे ही चिन्हे लपवू नयेत. केस सर्वस्वी गळतील ही भीती येथे बहुधा निराधार असते. ज्या औषधांनी केस जातात ती वेगळी आहेत, आणि गेलेले केस त्यांतही पुन्हा येतात. रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्याने साध्या संसर्गाचाही जोर होतो. औषध चालू असता ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाल्यास गावातच गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये; त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

खर्चाच्या धास्तीनेही उपचार लांबणीवर पडतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार यांचा समावेश आहे. योजनेत नोंदलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्रास प्रथम भेटून लागणारी कागदपत्रे विचारावीत. रेल्वेच्या भाड्यात कर्करोगाच्या रुग्णास सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. तंबाखू सोडण्यास साहाय्य हवे असल्यास १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. उपचार झालेल्याने तर तंबाखू, मिश्री व सुपारी यांस पुन्हा शिवू नये, कारण त्याच तोंडात दुसऱ्या जागी नवा रोग उद्भवू शकतो.

रोग उलटलाच तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. यास्तव पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी व दुसऱ्या वर्षी दर दोन ते सहा महिन्यांनी, डॉक्टर सांगतील त्या तारखेस तपासणीस जावे. जाताना आधीचे सर्व कागद एका पिशवीत बरोबर न्यावेत.