अठ्ठेचाळीस वर्षे रिकामा राहिलेला मजला

कॅनडातील टोरांटो शहरातून डॉन नावाची नदी वाहते. नदी लहानशी, पण तिची दरी रुंद आणि खोल. शतकापूर्वी तिच्या पूर्वेकडची वस्ती शहरापासून तुटल्यासारखी होती. पूल बांधावा की नाही यावर मतदान झाले. मतदारांनी एकदा नव्हे, अनेकदा नकार दिला. अखेर 1913 साली होकार मिळाला. ऑक्टोबर 1918 मध्ये प्रिन्स एडवर्ड व्हायाडक्ट खुला झाला आणि त्यावरून ट्राम धावू लागली. गंमत अशी की, रस्त्याच्या खाली आणखी एक मजला करून ठेवलेला होता, पुढे कधीतरी येणाऱ्या रेल्वेसाठी! भुयारी रेल्वे त्या शहरात आली 1954 साली, आणि या मजल्यावरून गाडी गेली फेब्रुवारी 1966 मध्ये. वास्तुविशारद एडमंड बर्क यांच्या या पुलाचा जादा खर्च ज्यांच्या कारकिर्दीत झाला, ते सार्वजनिक बांधकाम आयुक्त आर. सी. हॅरिस 1945 सालीच वारले होते.

कर्जाच्या फायलींत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला आधी व्याज सुचते. पैसा 48 वर्षे अडकून पडला! पाच टक्के चक्रवाढीने एवढ्या काळात एका रुपयाचे दहा होतात. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो बहुधा शेरा मारून परत पाठवला असता. शिवाय अंदाज पुरता खराही ठरला नाही. शेजारच्या रोझडेल दरीवरील पुलालाही असाच मजला होता. पण तिथले वळण गाडीला फार तीव्र पडले आणि रेल्वेसाठी वेगळा पूल बांधावा लागला.

तरीही मुख्य दरी ओलांडायला दुसरा पूल लागला नाही, हे विसरून चालणार नाही. दूरदृष्टी म्हणजे भविष्यकथन नव्हे. काय येईल ते नेमके ठाऊक नसताना त्याच्यासाठी जागा राखणे, एवढाच तिचा अर्थ.

आता आपल्याकडे पाहा. पुण्याच्या विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 साली पाडला. त्याचे वय होते जेमतेम दीड दशक. मेट्रोच्या वाटेत तो आडवा येत होता. मग त्याच जागी खाली वाहने आणि वर मेट्रो, असा दुमजली पूल बांधायला घेतला. पहिल्या पुलाच्या अंदाजपत्रकात पाडकामाचा खर्च अर्थातच नव्हता. आणि लोकांनी कोंडीत घालवलेले तास तर कोणत्याच खतावणीत चढत नाहीत.

माझे व्याजाचे गणित चुकीचे नव्हते, अपुरे होते. जागा राखण्याचा खर्च त्यात होता. न राखण्याचा नव्हता. पुढच्या पुलाच्या भूमिपूजनाला नारळ फुटण्यापूर्वी कोणीतरी एवढे विचारावे : पन्नास वर्षांनी येथून आणखी काय जाईल, आणि त्याला वाट कुठे ठेवली आहे? उत्तर देणारा तेव्हा हयात नसेल. पूल मात्र असायला हवा.